वाचकांचे प्रश्न : भाकरी कमी करावी की मटण?

मागील अंकात मधुमेही व्यक्तीच्या जेवणात धान्याचे प्रमाण किती असावे याविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच वाद निरनिराळ्या घरांतून आमच्यापर्यंत पोहोचला आहे. धान्य जवळजवळ सोडून मांस, अंडी, लोणी यांवर राहावे, की मांस, अंडी आणि दूधही वर्ज्य करून केवळ वनस्पतिजन्य आहार घ्यावा? पत्रे संक्षिप्त करून दिली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून माझे वय ६१ आहे. बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू आहेत. थोरला मुलगा अमेरिकेत असतो. त्याने भात-पोळी बंद करून मांस, अंडी आणि लोणी असा आहार धरला आणि त्याचे वजन झपाट्याने उतरले. धाकट्या सुनेने दूधसुद्धा सोडले आहे आणि ती मला मटण-अंडी बंद करायला सांगते. दोघेही आपापल्या बाजूचे संशोधन पाठवत असतात. कोणाचे ऐकावे? — एक वाचक, सातारा

उत्तर : आधी औषधांविषयी, कारण ते अधिक निकडीचे आहे. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवायला लावते. ती पूर्वीच्याच मात्रेत चालू ठेवून आपण एकाएकी भाकरी आणि भात सोडलात, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांना हाच इशारा लागू आहे. ज्यांना डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन यांपैकी गोळी चालू आहे, त्यांनी तर कर्बोदके अगदी कमी करण्याचा प्रयोग स्वतःच्या मनाने मुळीच करू नये. त्यांच्या रक्तात कीटोन-आम्ल साचू शकते आणि त्या वेळी साखर फारशी वाढलेली नसल्यामुळे दुखणे लवकर ओळखूही येत नाही. तेव्हा मुलाचे ऐकायचे असो वा सुनेचे, डॉक्टरांकडून गोळ्यांची मात्रा ठरवून घेतल्यावाचून जेवणात मोठा बदल करू नये.

आता संशोधनाकडे वळू. दोघांनी पाठवलेले निष्कर्ष खरे असण्याचा संभव आहे आणि तरीही त्यांतून आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नसण्याचाही संभव आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या वादाच्या अगदी गाभ्याशी जातो. मधुमेह नसलेल्या २० तरुण प्रौढांना चार आठवडे संस्थेतच ठेवण्यात आले. दोन आठवडे त्यांना प्राणिजन्य आणि कर्बोदके जेमतेम दहा टक्के असलेला आहार दिला, तर दोन आठवडे वनस्पतिजन्य आणि स्निग्धांश सुमारे दहा टक्के असलेला आहार दिला. दोन्ही वेळा हवे तितके खाण्याची मुभा होती. वनस्पतिजन्य आहारावर असताना तीच माणसे दिवसाला सरासरी सुमारे ६९० कॅलरी कमी खात होती, आणि तरीही भूक राहिल्याची तक्रार त्यांनी केली नाही. एवढे वाचून आपली सून सुखावेल. मात्र त्याच प्रयोगात त्याच आहारावर जेवणानंतरची रक्तशर्करा आणि इन्सुलिन दोन्ही अधिक वाढत होती, हे आपला मुलगा दाखवून देईल. दोघेही खोटे बोलत नाहीत. तराजू वेगळा घेतला की पारडे वेगळे झुकते, आणि शिवाय हा सगळा हिशेब मधुमेह नसलेल्या माणसांच्या अवघ्या चार आठवड्यांचा आहे.

दीर्घकाळ चाललेल्या प्रयोगांत ही चुरस बरीच ओसरते. स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ जणांवर वर्षभर केलेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने स्निग्ध पदार्थ कमी केले आणि दुसऱ्याने कर्बोदके. वर्षअखेरीस पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलो आणि दुसऱ्याचे ६ किलो उतरले होते, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याजोगा नव्हता. मला त्यातील दुसरी गोष्ट अधिक बोलकी वाटते. प्रत्येक गटात काहींचे वजन भरपूर उतरले, तर काहींचे चक्क वाढले. म्हणजे दोन आहारांमधील अंतरापेक्षा एकाच आहारावरील दोन माणसांमधील अंतर कितीतरी मोठे निघाले. आपल्या चिरंजीवांचे वजन उतरले ही आनंदाची गोष्ट आहे. त्यावरून आपले किती उतरेल हे सांगता येत नाही.

याच गटाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक लहान प्रयोग मधुमेही आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींवर होता, म्हणून तो आपल्याला जवळचा आहे. त्यांतील ३३ जणांनी आळीपाळीने बारा-बारा आठवडे दोन आहार घेतले : एक कीटो, म्हणजे कर्बोदके अगदी कमी आणि स्निग्ध पदार्थ भरपूर असलेला, आणि दुसरा भूमध्य समुद्राकाठच्या धर्तीचा, म्हणजे कडधान्ये, फळे आणि अखंड धान्ये असलेला. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीए१सी दोन्हींत जवळपास सारखेच उतरले. कीटोवर रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी अधिक घटली, पण रक्तवाहिन्यांत साचणारे एलडीएल कोलेस्टेरॉल वाढले, तर दुसऱ्या आहारावर ते कमी झाले. मग साखर दोन्हीकडे सारखी का उतरली असावी? दोन्ही आहारांत वरून घातलेली साखर आणि मैद्यासारखी सत्त्व काढलेली धान्ये वर्ज्य होती आणि पिष्ट नसलेल्या भाज्या भरपूर होत्या. स्टॅनफर्डच्या वर्षभराच्या प्रयोगातही दोन्ही गटांना हेच पथ्य सांगितलेले होते. फायद्याचा मोठा वाटा या सामाईक पथ्याचा आहे, असे माझे मत आहे. आपण काय खातो हे जितके महत्त्वाचे, तितकेच ते कशाच्या जागी खातो हेही महत्त्वाचे. बिस्किटे आणि पाव सोडून मटण खाणाऱ्याला लाभ होईल आणि तेच सोडून मटकीची उसळ खाणाऱ्यालाही होईल. उसळ सोडून मटण खाणाऱ्याला मात्र लाभ होईल असे मानण्यास आधार नाही.

आपल्यापुरता हिशेब मांडून पाहू. दिवसाला १८०० कॅलरींची गरज धरली आणि त्यांतील ६० टक्के कर्बोदकांतून येत असतील, तर ती २७० ग्रॅम होतात. ५० टक्क्यांवर आणायची तर २२५ ग्रॅम. फरक ४५ ग्रॅमचा आहे, म्हणजे साधारण पासष्ट ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीएवढा. ती एक भाकरी कमी करून तिच्या जागी दोन अंडी, किंवा बांगड्याचे दोन तुकडे, किंवा पनीर आणि मूठभर शेंगदाणे घेतले तर आपण कोणत्याही पंथात न जाता अपेक्षित दिशेने सरकलेले असाल. चहातील साखर आणि सकाळचे पोहे यांचा विचार त्याच्याही आधी व्हावा. मटण आठवड्यातून एकदा खात असाल तर ते सोडण्याचे कारण मला दिसत नाही, आणि रोज खाण्याचेही दिसत नाही.

प्रश्न : आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी मांसाला शिवलेले नाही. तरी सासरे, दीर आणि आता माझे यजमान अशा तिघांनाही मधुमेह झाला. मग वनस्पतिजन्य आहाराने मधुमेह टळतो, हे परदेशी लोक कशाच्या आधारावर सांगतात? — एक वाचक, सांगली

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्याच ताटात आहे. परदेशी अभ्यासांतील शाकाहारी माणूस बहुधा स्वतःच्या विचाराने शाकाहारी झालेला असतो. तो धूम्रपान क्वचित करतो, व्यायाम अधिक करतो आणि ज्या मांसाहारी माणसाशी त्याची तुलना होते त्याच्या ताटात हॅम, सॉसेज आणि गोमांस बरेच असते. आपल्याकडील शाकाहार कुळाचाराने आलेला आहे. त्यात मांस नाही हे खरे. पण साबुदाण्याची खिचडी, शिरा, मऊ भात, पुरी आणि फरसाण यांतही मांस नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि चेन्नई येथील मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन यांच्या देशव्यापी पाहणीचे आहारविषयक निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात आणि त्यांतील मोठा भाग पांढरा तांदूळ, दळलेली धान्ये आणि साखर यांचा आहे. आपल्याकडील बरेच मांसाहारी लोकही या बाबतीत फारसे वेगळे नाहीत, कारण रविवारचा रस्सा सोडला तर उरलेले सहा दिवस तेही धान्यावरच असतात.

त्याच पाहणीतील एक निष्कर्ष आपल्याला कदाचित आवडणार नाही. पांढऱ्या तांदळाच्या जागी गहू किंवा भरड धान्याचे पीठ घेतल्याने, एकूण कर्बोदके तेवढीच राहिली असता, मधुमेहाची शक्यता घटलेली आढळली नाही. ती घटलेली दिसली ती कर्बोदकांचा थोडा वाटा काढून त्या जागी डाळी-कडधान्ये, दूधदुभते, अंडी किंवा मासे यांतील प्रथिने घेणाऱ्यांत. भात सोडून नाचणीच्या चार भाकऱ्या खाणाऱ्या आणि त्याला पथ्य म्हणणाऱ्या सर्वांनी हे ध्यानात घ्यावे. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, फक्त संबंध दिसतो, ही मर्यादा मान्य करूनही मला हा निष्कर्ष महत्त्वाचा वाटतो. कारण तो आपल्या माणसांच्या, आपल्या ताटांवरून काढलेला आहे.

दुसरे कारण आपल्या शरीराच्या ठेवणीत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनमधील त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच छायाचित्रे शेजारी-शेजारी छापून हे दाखवून दिले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, एकच, २२.३, पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. वरून किडकिडीत दिसणाऱ्या, पण आत स्नायू कमी आणि चरबी जास्त असलेल्या शरीराला कर्बोदकांचा मोठा भार पेलत नाही. असे शरीर असलेल्या माणसाला प्रथिने अधिक हवीत, आणि आपल्या पारंपरिक शाकाहारी जेवणात नेमकी तीच कमी पडतात. वाटीभर पातळ वरणात पाच-सहा ग्रॅमांपलीकडे प्रथिने नसतात. वरण घट्ट करणे, रोज एकदा उसळ, दही, सोयाबीन किंवा पनीर घेणे, ही आपल्या घरासाठी मटणाइतकीच उपयोगी वाट आहे.

बी-१२ जीवनसत्त्वाचा प्रश्न मात्र उसळीने सुटत नाही, कारण ते वनस्पतींत नसते. पुण्यातील मध्यमवयीन पुरुषांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६७ टक्क्यांच्या रक्तात ते कमी आढळले, आणि शाकाहारी व्यक्तींत ही कमतरता कितीतरी अधिक होती. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने ते आणखी घटते. तेव्हा घरातील तिघांचीही बी-१२ची तपासणी करून घ्यावी. हातापायांना मुंग्या येतात त्या दर वेळी मधुमेहामुळेच येतात असे नाही. ज्यांनी दूधही सोडले आहे त्यांनी तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना विचारून बी-१२ची गोळी सुरू करावी; यात तत्त्वाचा प्रश्न आणू नये.

प्रश्न : सहा महिने कीटो आहार घेतला. नऊ किलो वजन उतरले, ट्रायग्लिसराइड २१० वरून ९५ वर आले, पण एलडीएल ११८ वरून १९२ झाले. व्यायामशाळेतील प्रशिक्षक म्हणतात, की ट्रायग्लिसराइड कमी असेल तर एलडीएलकडे पाहायचे कारण नाही. वय ४१, वडिलांना पन्नाशीत हृदयविकाराचा झटका आला होता. — एक वाचक, ठाणे

उत्तर : पाहायचे कारण आहे, आणि वडिलांचा इतिहास पाहता आपल्याला ते इतरांहून अधिक आहे. एलडीएल वाढले की रक्तवाहिन्यांत मेद साचण्याचा धोका वाढतो, हे केवळ आहाराच्या पाहण्यांवरून ठरलेले नाही. जन्मतःच एलडीएल जास्त असणाऱ्या कुटुंबांत हृदयविकार लवकर होतो, जन्मतः कमी असणाऱ्यांत तो कमी होतो आणि औषधांनी एलडीएल उतरवले की झटके कमी होतात. तीन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचलेल्या या पुराव्याला कीटो आहाराचा अपवाद आहे असे कोणी दाखवून दिलेले नाही. ट्रायग्लिसराइड उतरले हा लाभ खराच आहे. तो दुसरी हानी पुसून टाकत नाही.

आपल्यापुढे दोनच टोके आहेत असे मात्र समजू नये. कर्बोदके कमी ठेवूनही एलडीएल उतरवता येते. टोरंटोतील डेव्हिड जेन्किन्स यांच्या गटाने २००९ मध्ये कर्बोदके कमी आणि प्रथिने वनस्पतिजन्य अशा आहाराचा प्रयोग प्रसिद्ध केला. वजन तुलनेसाठी घेतलेल्या आहाराइतकेच उतरले आणि एलडीएल त्याहून अधिक कमी झाले. आपण तूप, लोणी, खोबरेल तेल आणि चरबीदार मटण यांचा वाटा घटवून शेंगदाणा किंवा मोहरीचे तेल, बदाम, अक्रोड, जवस, बांगडा, तारली यांच्याकडे वळावे आणि वाटीभर कडधान्य तसेच एखादे फळ परत आणावे. काही सडपातळ व्यक्तींत कर्बोदके अगदीच तोडल्याने एलडीएल विलक्षण वाढते आणि थोडी परत घेतली की ते उतरते, असेही आढळले आहे. थायरॉइडची तपासणी करून घ्यावी आणि सहा ते आठ आठवड्यांनी, वजन स्थिर असताना, रक्त पुन्हा तपासावे. त्यानंतरही आकडा १९०च्या आसपास राहिला तर तो आनुवंशिक विकार असू शकतो आणि हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला अटळ आहे. कॉफीत लोणी घालून पिण्याची आपल्या पत्रात लिहिलेली सवय आजच सोडावी. तिच्यातून वजनापलीकडे काही साधत असल्याचे मला तरी दिसत नाही.

प्रश्न : लाल मांसाने कर्करोग होतो असे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले, आणि मग काही तज्ज्ञांनीच ‘खात राहा’ असे सांगितले. आम्ही मासे रोज, मटण पंधरवड्याला आणि गोव्याची चोरीस (डुकराच्या मांसाचे सॉसेज) कधीतरी खातो. — एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : या संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोगास कारण ठरणाऱ्या पदार्थांत, आणि लाल मांस ‘बहुधा कारण ठरणाऱ्या’ पदार्थांत ठेवले. हे गट पुरावा किती खात्रीचा आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. म्हणूनच सॉसेज आणि तंबाखू एकाच गटात असले तरी दोहोंचा धोका सारखा नाही. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा अंदाज त्या वेळी दिला गेला. शंभरांत पाच जणांना होणारा रोग त्यामुळे साधारण सहा जणांना होईल असा त्याचा अर्थ, आणि आपल्या देशात या कर्करोगाचे मूळ प्रमाणच पाश्चात्त्य देशांहून बरेच कमी आहे.

२०१९ मध्ये दुसऱ्या एका तज्ज्ञगटाने मांस खाणे चालू ठेवण्यास हरकत नाही, असे म्हटले ते खरे. पण त्यांच्या हाती वेगळी आकडेवारी आलेली नव्हती. जवळपास तोच पुरावा त्यांनी अधिक कडक कसोटीवर दुबळा ठरवला आणि दुबळ्या पुराव्यावरून लोकांना आवडीचे अन्न सोडायला सांगू नये, अशी भूमिका घेतली. ती भूमिका अनेक संशोधकांना मान्य झाली नाही. मला ती अर्धी पटते : वर्षानुवर्षांचा आहार माणसाच्या आठवणीवरून भरलेल्या प्रश्नावलीतून मोजण्यात मोठी खोट आहे, पण सिगारेटबाबतही पुरावा चिठ्ठ्या टाकून लोकांचे गट पाडलेल्या प्रयोगांतून आलेला नव्हता, तरीही तो ग्राह्य ठरला.

आपल्या घरापुरते म्हणाल तर रोजचे मासे ही चांगली सवय आहे. ते तळण्याऐवजी कालवणात असतील तर अधिक चांगली. पंधरवड्याला मटण यात काळजीचे काही नाही. चोरीस मीठ लावून, मुरवून टिकवलेली असते, म्हणून ती प्रक्रिया केलेल्या मांसातच मोडते. ती कधीतरीच राहू द्यावी. सुके बोंबील त्या वर्गात येत नाहीत, मात्र रक्तदाब असणाऱ्यांनी खाऱ्या सुक्या मासळीतील मिठाचा हिशेब ठेवावा.

प्रश्न : आईचे वय ७६, वजन ४३ किलो, मधुमेह सौम्य. भाच्याने तिला भात-पोळी बंद करून फक्त सूप आणि कोशिंबीर सुरू केली आहे. साखर छान आली आहे, पण ती जिना चढेनाशी झाली आहे. — एक वाचक, नागपूर

उत्तर : हा आहार कृपया लगेच थांबवावा. या वयात आणि या वजनाला साखरेच्या आकड्यापेक्षा स्नायू अधिक मोलाचे आहेत, आणि ते झिजत असल्याचे जिना सांगतो आहे. त्यांना पोळी किंवा मऊ भात परत द्यावा, प्रत्येक जेवणात घट्ट वरण, दही, आणि चालत असेल तर अंडे असावे, आणि त्यांची वजन, हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाच्या कार्याची तपासणी या आठवड्यात करून घ्यावी. एचबीए१सी थोडे वर गेले तरी चालेल; किती चालेल ते त्यांचे डॉक्टर ठरवतील, भाच्याने ठरवू नये.